पाटीला हात

आधी तिचं सांगते, मग माझं. भाईंदरजवळच्या डोंगरी गावाहून बसनं येऊन आमच्या चाळीत मासे विकणारी एक कोळीण आहे. माझ्या आजाराला नाव डॉक्टरांनी दिलं, औषध त्यांनीच केलं, त्यांचे उपकार आहेतच. पण माझ्या अंगावर काहीतरी वेगळं उमटतंय हे पहिल्यांदा पाहिलं ते तिनं. तिनं पाहिलं नसतं तर आज हे लिहायला मी नसते, असं मला वाटतं. डॉक्टर असं बोलत नाहीत. ते म्हणतात, वेळेत आलात.

मी वाशीमकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि भाईंदर पश्चिमेच्या या चाळीत आले. नवरा पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायच्या कारखान्यात जातो. मी घरी बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवते, म्हणजे चिकटवत होते. आमच्याकडं मासा म्हणजे नदीतला, तोही कधीमधी. बोंबील पहिल्यांदा हातात धरला तेव्हा तो सुटून पार मोरीत गेला. कोळीण दारात बसून हसली आणि मग तिनंच तो साफ कसा करायचा ते दाखवलं. चाळीत सगळे तिला मावशी म्हणायचे, म्हणून मीही मावशीच म्हणायला लागले.

माशांची भरलेली पाटी डोक्यावरून एकटीला उतरवता येत नाही. दारात येऊन ती उभी राहते, कुणीतरी समोरून दोन्ही हात लावायचे, मग पाटी खाली येते. निघताना तसंच, उचलून चुंबळीवर ठेवायची. ज्याचा हात लागेल त्याला दोन मासे वरचे, असा तिचा रिवाज. गावाकडं आम्ही पाण्याच्या घागरी अशाच एकमेकींच्या डोक्यावर चढवायचो, त्यामुळं हात द्यायची मला सवय होती. बाकीच्या बायका माशांचं पाणी अंगावर येतं म्हणून मागं सरायच्या. मी पुढं जायचे. इथं माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या पावसाळ्यानंतर मला दम लागायला लागला. नळावरून दोन हंडे आणले की भिंत धरून उभी राहायचे. मला वाटलं, जेवण कमी पडतंय. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, तर मी ब्रश बदलला. आणि हातांवर, दंडांवर काळेनिळे डाग. पाटीची कड जिथं लागायची तिथं दुसऱ्या दिवशी जांभूळ फुटल्यासारखा डाग. मी बाह्या खाली ओढायला लागले.

एक दिवस पाटी उतरवताना बाही वर सरकली. तिनं पाटी जमिनीवर टेकू दिली, माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात विचारलं,

"नवरा मारते काय गो तुला?"

मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. बायका नाहीच म्हणतात, असं ती म्हणाली. त्या दिवशी मासे विकून झाले तरी ती गेली नाही. रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसून राहिली. नवरा कारखान्यातून आला, हातात डबा, तोंडावर पॉलिशची काळी पूड, आणि ही उठून त्याच्यासमोर उभी. तिनं त्याला जे ऐकवलं त्यातलं निम्मं त्याला कळलं नसेल, तिची बोली आम्हाला पटकन उमजत नाही. पण सगळी चाळ दारात आली होती. माझा नवरा असा की झुरळालासुद्धा बाजूला जा म्हणेल. तो डबा छातीशी धरून एवढंच म्हणाला, "मी?"

नंतर त्यानं सांगितलं की डाग त्यालाही दिसले होते. त्याला वाटलं, हंडे आदळतात. मला वाटलं होतं, आपलंच अंग नाजूक झालंय. दोघंही एकमेकांना बोललो नव्हतो.

तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मारत न्हाय, तर मग हाय काय ता? दाक्तरला दाव." आणि आम्ही जातो की नाही ते बघायला कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत आमच्या मागून आली. पाटी डोक्यावर होतीच. रिकामीच होती, तरी तिला ती डोक्यावरच लागते.

त्या डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, पायांवरचे लाल बारीक ठिपके पाहिले. ते ठिपके मला माहीतच नव्हते, मी ते डास चावल्याचे समजत होते. रक्त तपासलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी चहा मागवला आणि आम्हाला पिऊन घ्या म्हणाले, तेव्हाच मी घाबरले. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं. तिथं कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढून तपासला. रक्त जिथं तयार होतं ती जागाच ओस पडत चालली होती.

समजावून सांगितलं ते एका डॉक्टर बाईंनी. त्या तिथं याच आजारावर संशोधन करतात. त्या म्हणाल्या, शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, राखणीला ठेवल्यासारख्या. तुमच्या त्याच पेशी रक्त तयार करणाऱ्या पेशींना मारताहेत. मी म्हटलं, म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं. त्या थांबल्या, म्हणाल्या, बरोबर, हेच. मी विचारलं, कशामुळं? त्या म्हणाल्या, तेच आम्ही शोधतोय, अजून पुरतं माहीत नाही.

हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण एवढं शिकलेलं माणूस समोर बसून माहीत नाही म्हणतं, याचा मला का कोण जाणे आधारच वाटला.

गावाहून भाऊ आला. त्याचा मगज मला घालता आला असता, पण तो माझ्याशी जुळला नाही. मग घोड्याच्या रक्तापासून केलेलं एक औषध असतं, ते सलाईनमधून द्यायचं ठरलं, राखणदारांना दाबून टाकणारं. पुढं कितीतरी महिने गोळ्या. शेत परत उगवलं तर हळूहळू उगवेल, नाहीच उगवलं तर पुढचं बघू. तोवर दुसऱ्यांचं रक्त चढवत राहायचं. पडायचं नाही, आदळायचं नाही, शिळं खायचं नाही, जड उचलायचं नाही. खडे चिकटवायचा डिंक बंद. डिंकामुळं झालं का, हे मी त्या डॉक्टर बाईंना प्रत्येक वेळी विचारायचे. त्या म्हणायच्या, सांगता येत नाही. तोच डिंक कितीतरी बायका वापरतात, त्यांना काही होत नाही.

म्हणूनच त्यांना आणखी एक माणूस हवं होतं. त्यांच्या संशोधनात प्रत्येक आजारी माणसामागं एक धडधाकट माणूस लागतं. त्याच वयाचं, त्याच भागात वावरणारं, रक्ताच्या नात्यातलं नसलेलं. त्याला तेच प्रश्न विचारायचे, पाणी कुठलं, काम काय, कावीळ झाली होती का, आणि एक नळी रक्त घ्यायचं. आजाऱ्यालाच विचारत बसलं तर चूक सापडत नाही, निरोगी माणसात काय वेगळं आहे ते बघावं लागतं. मिळालं तर बघा, त्या म्हणाल्या, नाही मिळालं तर आम्ही शोधू, तुमच्या औषधाशी याचा काही संबंध नाही.

संबंध नाही हे कानांनी ऐकलं, मनानं नाही. मला वाटायचं, माणूस मिळालं नाही तर औषध लागू पडणार नाही. आणि माझ्याकडं माणूसच नव्हतं. शेजारची म्हातारी, दुसरी शाळेतली पोर, तिसरीची सासू रक्ताचं नाव ऐकूनच दार लावून घेते. नवरा म्हणाला, मावशीला विचार. मी म्हटलं, मावशी माझ्या वयाची कशी असेल?

ती आली तेव्हा विचारलं. तिनं जन्मसाल सांगितलं. ती माझ्याहून सहा-सात महिन्यांनी लहान निघाली. उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं तिचा चेहरा वयाच्या पुढं गेला होता. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आता मावशी कोन कोनाची, सांग. लोकांसमोर म्हातारी केलंस मना."

पण रक्ताचं म्हटल्यावर तिनं पदर खाली घेतला. तिच्या आईचं म्हणणं, हॉस्पिटलात रक्त दिलं की तिथला आजार घरी येतो. तिनं हॉस्पिटलची तारीख विचारून घेतली आणि एवढंच म्हणाली, बघते. शेजारच्या पोरीला बोलावून पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. मग बरेच दिवस आलीच नाही. मी घरात बसून स्वतःलाच बोल लावायचे, होती तेवढी एक ओळख आपण घालवली.

हॉस्पिटलच्या तारखेला मी बाकावर बसले होते. समोरून ती आली. डोक्यावर पाटी नाही, अंबाड्यात वेणी, अंगावर जरीच्या काठाची साडी, जशी लग्नाला निघालीय. पाटीशिवाय ती मला क्षणभर ओळखूच आली नाही. आईची समजूत घालायला वेळ लागला, असं तिनं सांगितलं. समजूत पटली नाहीच, ती तशीच निघून आली.

आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. आधी माझी नळी भरली, मग तिची. माझं रक्त फिकं, पातळ. तिचं दाट, काळपट लाल. दोन्ही नळ्या एकाच रॅकमध्ये उभ्या होत्या आणि आम्ही दोघी त्यांच्याकडं बघत होतो. आतापर्यंत तिनं काही विचारलं नव्हतं. डॉक्टर बाईंना म्हणाली, माझा हिला घाला, मना कमी न्हाय. बाईंनी सांगितलं, हे चढवायचं रक्त नाही, हे तपासायचं.

"म्हंजे हिला उपयोग न्हाय?"

"हिला कदाचित नाही. पुढं कुणाला तरी होईल."

ती कोपराच्या आत लावलेला कापूस बोटानं दाबत राहिली. मग दुसरा हात पुढं केला. "आनि पायजे तर घ्या मग."

आणखी नको होतं. पण त्या डॉक्टर बाई उठून खिडकीशी गेल्या आणि जरा वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

परतताना गाडीतून उतरताना म्हणाली, "तुझा ता रगत पानी हाय गो." आणि माझ्या कोपराला हात लावून, डाग पडेल म्हणून लगेच काढून घेतला.

या सगळ्याला आता बरेच महिने झाले. गोळ्यांनी हात थरथरतात, हिरड्या सुजतात, ओठांवर लव आलीय. ती म्हणते, मिशी आली, आता बोटीवर जा. आकडे हळूहळू वर येताहेत. मधे एकदा खाली गेले होते, तेव्हा मी जेवले नव्हते. आता रक्त चढवायला लागत नाही. तरी रोज सकाळी उठले की आधी दंड बघते, मग पाय, मग आरशात हिरड्या. पुन्हा होऊ शकतं हे त्यांनी लपवलेलं नाही. संशोधनाचं उत्तर अजून आलेलं नाही. डॉक्टर बाई म्हणतात, अशी उत्तरं यायला वर्षं लागतात. आमच्या दोन नळ्या कुठंतरी थंडीत शेजारी शेजारी असतील.

माझं रक्त आता जन्मभर कुणाला चालणार नाही. मी विचारून घेतलंय. म्हणजे तिला किंवा तिच्या पोरांना कधी लागलंच, तर त्या रांगेत मी उभी राहू शकत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

अजून जड उचलायला परवानगी नाही. ती दारात येते, तेव्हा मला पुढं होऊ देत नाही. डोळ्यांनीच मागं हो म्हणते आणि शेजारच्या पोरीची वाट बघत मान ताठ धरून उभी राहते. कधी पोर शाळेत असते, मग ती ओझं घेऊन तशीच थांबते आणि मी उंबऱ्यात हात मागं बांधून. वरचे दोन मासे मात्र अजून माझ्याच ताटलीत पडतात.

ज्या दिवशी डॉक्टर बाई उचला म्हणतील, त्या दिवशी मी घरी थांबणार नाही. डोंगरीची बस इथं जिथं थांबते तिथं जाऊन उभी राहीन. ती उतरेल तेव्हा पाटी मी माझ्या डोक्यावर घेईन, चाळीपर्यंत आणीन, आणि माझ्या दारात ती उतरवायला तिनं मला हात द्यायचा. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही. पण मी ते करणार आहे.