काचेच्या केबिनमधल्या काकू

कोथरूडमधल्या माझ्या वकिलीच्या नव्या ऑफिसात सगळ्या केबिन काचेच्या केल्या होत्या. बंद खोल्या आता जुन्या वाटतात, असं इंटिरिअर डिझायनरचं म्हणणं होतं, आणि मलाही ते पटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्या आल्या. साठीच्या पुढच्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. काचेपलीकडे सोफ्यावर माणसं बसलेली. पर्सचा बंद बोटांभोवती गुंडाळत त्या उन्हाळ्याबद्दलच बोलत राहिल्या.

"काकू, काम काय होतं?" शेवटी मी विचारलं.

"अहो, मला नवऱ्यापासून वेगळं व्हायचंय. आणि तुम्ही मला शोकेसमध्ये बसवलंय."

मी ओशाळून हसले, तशा त्याही हसल्या. पुढे डिझायनरची नाराजी पत्करून मी पडदे लावले. पण त्या दिवशी चार भिंती होत्या फक्त चहाच्या खोलीला. तिथे स्टुलांवर बसून, चहा पीत त्यांनी सगळा संसार सांगितला. आवाज कुठेही चढला नाही.

"भाजीत मीठ कमी पडलं तरी ते मला सांगत नाहीत. बंगलोरला मुलाला फोन करून सांगतात," असं म्हणताना मात्र त्या रडल्या. मग नळावर तोंड धुतलं आणि मी नको म्हणत असताना दोघींचे कप विसळले.

"घरी सांगितलंय?" मी विचारलं.

"आता जाऊन सांगणार." विसळलेला कप त्यांच्या हातातच राहिला. "त्याआधी अजून अर्धा कप मिळेल?"

मी पुन्हा आधण ठेवलं.