पलीकडच्या काठाला उत्तर

अक्का गेल्याचं मला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. होळी होऊन चार दिवस झाले होते. धुळ्याच्या शाळेत मी वर्गावर जायच्या घाईत होते आणि चुलतभावाच्या दोन ओळींखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. सोबतचा फोटो मीच काढलेला, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरचा. तो बघून आधी रडू आलं नाही, लाज वाटली... का, ते सांगते.

अक्का म्हणजे माझी थोरली काकू. पांझरेच्या काठी आमचं गाव. शाळेची पायरी ती चढली ती आम्हा पोरांना सोडायला, पण गाणी म्हणाल तर तिच्याकडे कधी संपली नाहीत. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. मी मात्र शहरात शिकायला गेले आणि अहिराणी गिळून टाकली. वसतिगृहात मुली हसायच्या, म्हणून घरचा फोन आला की मी गच्चीवर पळायचे. एका सुटीत माझं ते तोलून मापून बोलणं ऐकून अक्का एवढंच म्हणाली, "कसाले लाजस? आपलीच बोली शे." त्या दुपारी मी तिच्यापुढे मोबाइल धरला आणि तिच्या नावाचं पेज काढून तिची गाणी त्यावर टाकू लागले.

पुढचं भराभर झालं. सुरत, नाशिक, पार दुबईतले खान्देशी लोक अक्काचे व्हिडिओ एकमेकांना पाठवू लागले. छत्तीसगडच्या एका मुलीनं लिहिलं, आमच्या आजीचीही अशीच गाणी आहेत, पण लोक हसतील म्हणून टाकत नव्हते... मग तिनंही टाकली. जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात अहिराणीच लिहा, अशी मोहीम आमच्याकडच्या पोरांनी काढली, तिच्यावर चेहरा अक्काचाच. अक्का म्हणायची, मला फुकटात पुढारी केलं. मनातून मात्र खूश होती.

आखाजीला आमच्याकडे एक रीत आहे. गौराईचं विसर्जन झालं की नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावच्या बायका उभ्या राहतात आणि गाण्यातून एकमेकींना शिव्या घालतात. तुमच्या भाकरी करपलेल्या, तुमच्या जावयांच्या मिशा उसन्या, असं काहीबाही. ज्या काठाला उत्तर सुचत नाही तो हरला. दुसऱ्या दिवशी त्याच बायका एकमेकींकडे सांजोऱ्या पोचवतात. अक्काच्या समोर दर वर्षी पलीकडची सुपडाबाई असायची. मी अक्काचं ते गाणं टाकलं, पण रीत सांगितली नाही. आम्हाला ती कधी सांगावी लागली होती?

कुणीतरी त्यातला वीस सेकंदांचा तुकडा कापला. शेजारच्या गावाची, बायकांची बदनामी म्हणून तो फिरला. ज्यांनी पांझरा कधी पाहिली नव्हती ते संतापले, पलीकडच्या गावातून मात्र एक अक्षर आलं नाही. शाळेत मला मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं आणि माझी पाचावर धारण बसली. मी शुद्ध मराठीत माफीनामा लिहिला, अक्काला कॅमेऱ्यासमोर बसवलं. मी एकेक वाक्य सांगायचे, ती मागून म्हणायची. शहाण्या मुलीसारखं तिनं सगळं म्हटलं. मोबाइल बंद केल्यावर म्हणाली, "माफी मांगी म्हनजे शिवी खरी व्हयी गयी. मंग आते ते गानं कसं म्हनू?"

मी पेज बंद केलं आणि मिटलं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. अक्का त्यानंतरच्या दोन आखाजींना काठावर गेली नाही. कंबर दुखते म्हणायची. मी ते खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं... याची खंत आता मरेपर्यंत पुरेल.

गेल्या आठवड्यात आखाजी झाली. यंदा मी गेले. पलीकडे सुपडाबाई सुनेचा खांदा धरून आली आणि तिनं चाल धरली. प्रत्येक शिवीत अक्काचं नाव. अक्काच्या भाकरी करपल्या, अक्का घाबरून माहेरी पळाली... शेवटी आवाज फाटला, तरी कडवं तिनं पुरं केलं. मग उत्तरासाठी थांबायचं असतं, तशी ती थांबली. आमच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं, कारण अक्काचं गाणं मला तोंडपाठ आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना.

"हारनी ना व, अक्का..." सुपडाबाई म्हणाली आणि वाळूतच बसून रडायला लागली.