न ऐकता दिलेला होकार

बाळांनो,

मागच्या रविवारी तुम्ही व्हिडिओ कॉलवर तुमची मांजर गेल्याचं सांगितलंत आणि मी "व्वा, छान!" म्हणून हसले. त्याचं कारण तुम्हाला सांगायलाच हवं, म्हणून हे लिहिते आहे. मला नीट ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, मुलांना "पुन्हा म्हण" असं सांगितलं, पण कुणाला "पुन्हा सांगता का?" असं विचारणं मला जमलं नाही. समोरच्याचा चेहरा बघून "हो, बरं" म्हणायची सवय मी लावून घेतली.

गणपतीनंतर एक दिवस गवंडी आला आणि पुढच्या खोलीतला फळा उतरवू लागला. याच खोलीत मी संध्याकाळी गल्लीतल्या मुलींना शिकवते. तुमच्या मामाने ती एका मेडिकलवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. मी तडक ज्येष्ठ नागरिक संघात गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगा मला विचारत नाही, घर परस्पर भाड्याने देतो."

तिथे समाजकार्य शिकणारी एक मुलगी इंटर्नशिपला होती, काष्टी गावची. म्हाताऱ्यांचं ऐकायचं आणि त्यांच्या बाजूने घरच्यांशी बोलायचं, हे तिचं काम. ती दुसऱ्या दिवशी घरी आली.

"आजी, तुमी निवांत बोला. मी तुमच्याकडून हाय."

मामा माझ्यासमोर बसला होता. "आई, जेवताना विचारलं होतं मी तुला. तू 'हो, बरं' म्हणालीस. मी भात वाढू का विचारल्यासारखं!"

"मी असं म्हणणंच शक्य नाही."

तो उठून ओट्याकडे गेला. पाठमोरा काहीतरी बोलला. मी ठसक्यात म्हणाले, "मला नको तुझा चहा."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "आजी, काय म्हणले ते?"

"चहा ठेवू का. दुसरं काय म्हणणार?"

"न्हाई ओ. खोली तुमचीच राहू द्या म्हणले. मेडिकलवाल्याला नको म्हणून सांगतो म्हणले."

मामा वळला नाही. तिने खुर्ची माझ्यासमोर ओढली. "तुमच्या बाजूनं आलेय, म्हणून सांगते. कान दाखवून घ्या. न्हाईतर तुमच्याकडनं कशालाबी कुणीबी हो म्हणवून घेईल."

मी मान वर करू शकले नाही. ज्याने विचारलं होतं, त्यालाच मी चारचौघांत लबाड ठरवलं होतं.

संघात जाऊन मी खरं सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "बाई, आम्हाला कधीचं ठाऊक आहे. उगाच हातवारे करतो का आम्ही तुमच्याशी?" सगळे हसले. पण तोवर माझी तक्रार दूधवाल्यापर्यंत पोचली होती. मामाला तो अजून चिमटा काढतो, "काय साहेब, आईला विचारलं का?" मामा पिशवी घेतो आणि आत येतो. त्यावरून मला एका शब्दानेही बोलत नाही.

कानाला मशीन बसवलं. तरी रविवारी, तुम्हाला दिसू नये म्हणून, फोनच्या आधी मी ते काढून डबीत ठेवलं. म्हणून मी हसले. मांजरीचं मला नंतर कळलं, फार वाईट वाटतं आहे.

फळा पुन्हा भिंतीवर आहे, एक कोपरा फुटलेला. मुली येतात. आणि मामा आता माझ्याशी बोलायचं असलं की आधी समोर येऊन उभा राहतो.