गॅरेजमध्ये न लागलेला दिवा

देवीवर माझी श्रद्धा आहे, पण चमत्कार म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. कुणाचं लग्न जमतं, कुणाचा ताप उतरतो, आणि लगेच साक्षात्कार! म्हणून हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. पण घडलं ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

उर्से गावाजवळ आमचं छोटं गॅरेज आहे. टेम्पो, पिकअप अशा गाड्यांच्या इंजिनांची कामं माझे यजमान करतात. गाडीखाली उभं राहता यावं म्हणून मधोमध खड्डा बांधून घेतलेला आहे. सुटे भाग धुवायला घमेल्यात पेट्रोल ओतायचं, ही त्यांची जुनी सवय. ग्रीस पटकन निघतं म्हणे. मी कुरकुर केली की "इतक्या वर्षांत काय झालं?" हे उत्तर तयार असायचं. खरं सांगायचं तर मलाही त्या वासाचं काही वाटेनासं झालं होतं. भिंतीवर एकविरा आईचा फोटो आहे, ती बघून घेईल, असं मी धरून चालले होते.

त्या शुक्रवारी माझा उपास होता. दुपारी डबा घेऊन गेले. वाऱ्यानं धूळ आत येते म्हणून यजमानांनी एक शटर पूर्ण खाली ओढलं होतं, दुसरं अर्धवट. ते घमेलं घेऊन खड्ड्यात उतरले होते, खालूनच "ठेव तिथं" म्हणाले. मी फोटोपुढचं शिळं फूल काढलं, वात नीट केली, तेल घातलं आणि काडेपेटी हातात घेतली. तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून एक बाई आत आली. डोक्यावर मासळीची पाटी.

"ताई, पवनानगरची जीप कुटं लागती?" असं विचारता विचारता तिनं नाकाला पदर लावला. "आन हितं वास कसला गं येवढा? डोस्कं गरगराया लागलं."

माझं डोकंच फिरलं. उपासाचा दिवस, दिवा लावायची वेळ, आणि मासळीची पाटी घेऊन ही बाई मलाच वासाचं सांगतेय. "बाहेर चला, दाखवते," असं तुटक बोलत मी तिला जवळजवळ हाकलतच रस्त्यापर्यंत नेलं. काडेपेटी तशीच मुठीत होती.

जीप कुठं थांबते ते हातानं दाखवून मी परत आले. शटरखालून वाकून आत शिरले, तर पेट्रोलचा असा भपकारा नाकात घुसला की डोळ्यांतून पाणी आलं. मघाशी मी याच हवेत उभी होते. याच हवेत काडी ओढणार होते. मग ध्यानात आलं की खालून पान्याचा आवाज येत नाहीये. "अहो," मी हाक मारली. उत्तर नाही. वाकून पाहिलं तर यजमान खड्ड्याच्या भिंतीला टेकून बसले होते, मान छातीवर पडलेली, घमेलं पायाशी उलटलेलं.

मी किंचाळले असेन, मला आठवत नाही. खड्ड्याच्या पायरीवर पाय टाकला तर कुणीतरी मागून पदर धरून ओढलं. तीच बाई होती. पाटी रस्त्यावर टाकून धावत आली होती.

"उतरू नगंस. आमच्याकडं इंजनाच्या धुरानं एक जण इहिरीत पडला, त्याला काढाया दुसरा उतरला. दोगंबी गेलं." तिनं माझा दंड धरला तो सोडलाच नाही. शेजारचा पंक्चरवाला आला, कुठल्याही बटणाला हात लावू नका म्हणून ओरडला, शटरं हळूच वर केली. काठावर पालथं पडून त्यानं वरूनच यजमानांच्या काखेत दोर अडकवला. आम्ही तिघांनी ओढून त्यांना बाहेर उघड्यावर आणलं.

तळेगावच्या दवाखान्यात ते शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले, पेट्रोलची वाफ जड असते, खड्ड्यात साचते, आणि तिच्यात राहिलेल्या माणसाच्या नाकाला तिचा वासही कळेनासा होतो. एक ठिणगी पुरली असती. ती ठिणगी मीच देवीचं नाव घेत पाडणार होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता भाग धुण्याचं काम बाहेर उघड्यावर होतं, पेट्रोल त्याला वापरत नाहीत, आणि खड्ड्यात एकट्यानं उतरायचं नाही. दिवा मी घरी लावते. गॅरेजमध्ये आईपुढं नुसते हात जोडते.

यजमान हिंडू-फिरू लागल्यावर मी त्या बाईला शोधायला पवनानगरच्या बाजारात गेले. ती सापडणारच नाही, असं मनात कुठंतरी वाटत होतं. अशा गोष्टींत ती माणसं पुन्हा सापडत नाहीत. ती मासे कापत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, हाकलण्यामागचं कारणसुद्धा. तिनं हातातली सुरी खाली ठेवली.

"मला तवाच कळलंतं," ती म्हणाली. "लय राग आलता तुजा."

मी तिच्या पायांशी वाकले, तर तिनं पाय मागे घेतले. "मालक बरं हायेत न्हवं? मग झालं की."

आईवर सगळं सोपवलंय, असं मी जन्मभर म्हणत आले. पण ती कुणाच्या रूपानं दारात यावी, हे मात्र मीच ठरवून बसले होते. ती आली तेव्हा मी तिला बाहेर काढलं, आणि तरी ती माझा पदर धरायला परत आली. "बरे आहेत," एवढंच मी त्या बाईला म्हणू शकले, आणि भर बाजारात मला रडू फुटलं.