कुसुमताईचं धनुष्य

आमच्या ह्यांचं सदर बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पण श्रीपाद मोबाइलवाला कुठे, असं विचाराल तर कोणी सांगणार नाही. ‘बंदूकवाले भैया’ म्हणा, पोट्टे थेट दुकानात आणून सोडतील. मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात हत्यारं असतात न, त्यातलं कोणतं घ्यावं अन् कोणतं टाकावं, ह्याचे व्हिडिओ करतात हे. चाळिशी उलटली आहे माणसाची! मी तर आधी कपाळाला हातच लावला होता.

त्या हत्यारांची वर्गवारी मात्र माझ्या स्वयंपाकघरातून उचललेली. एका दिवाळीत मी ह्यांना माळ्यावरून चकलीचा सोऱ्या काढायला लावला, तर हे स्टुलावर उभ्या उभ्याच म्हणाले, “अगं, खेळातही अशी किती हत्यारं आहेत! वर्षभर कोणी हात लावत नाही, पण वेळ आली की त्याच्याशिवाय भागत नाही.” तेव्हापासून व्हिडिओत तीन खण झाले: रोजचं, सणाचं अन् भंगार. बोलणं सगळं हिंदीत, खणांची नावं तेवढी मराठीत. लोकांना भारी मजा वाटायची.

धनुष्य सणाच्या खणात होतं. एक बाण सुटला की दुसरा भरायला वेळ लागतो, म्हणून समोरासमोरच्या मारामारीत त्याचा काही उपयोग नाही. पण त्याचा आवाज होत नाही. लपून बसलेल्याला चुपचाप टिपायचं असेल तर तेच लागतं.

ह्यांच्या चौघांच्या टीममध्ये ते एकटी कुसुमताईच चालवायची. बाकी दोघं म्हणजे ह्यांचे दोस्त, दयाराम अन् शालिग्राम. कुसुमताई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला, पन्नाशीला टेकलेली. कढईतलं तेल सांडून उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. एकदा फोन दुरुस्तीला घेऊन आली अन् काउंटरवर ह्यांचा खेळ पाहत बसली. “मले जमंल का भैया?” आता भरभर गोळ्या सोडणाऱ्या बंदुकीला एक बोट दाबून ठेवा, दुसऱ्यानं निशाणा सांभाळा, हे तिला कुठून जमणार? ह्यांनीच मग धनुष्य शोधून दिलं. “ताई, घाई करायची नाही. पाहा, थांबा, अन् एकदाच टिचकी मारा.” घरी एकटी राहणारी बाई, संध्याकाळी दुकानात चौघांत बसायला मिळालं तर चेहराच बदलला तिचा. बाण लागला की अशी ओरडायची, शेजारचा चष्मेवाला दचकून बाहेर यायचा.

पण माणसाला टाळ्यांची चटक लागली की काय होते पाहा. व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं, भैया डरते हैं, धनुष को भंगार बोलने की हिम्मत नहीं. झालं! पुढच्या व्हिडिओत ह्यांनी धनुष्य उचलून भंगारात फेकलं, अन् वर हसून म्हणाले, “जो ये लेकर आए, समझो आपकी टीम में तीन ही लोग हैं.” तो व्हिडिओ असा चालला की बस.

मी म्हटलं, “अवो, अन् कुसुमताई?”

“अगं, मजाक आहे तो. ताई समजून घेतात.”

घेतलं न समजून तिनं! दुसऱ्याच दिवशी दुकानात आली. रविवारी राइट टाउनच्या हॉलमध्ये ह्या खेळाचा सामना होता. म्हणाली, “भैया, माझ्या जागी दुसरं कोणी घ्या. माझ्यापायी तुमचं नुकसान नको.” ह्यांनी एवढंच म्हणायचं होतं, ‘नाही ताई, तुम्हीच खेळायचं.’ पण हे समोरचा फोन उघडत बसले. व्हिडिओ पाहणारे सगळे हॉलमध्ये येणार, अन् भैयाच्याच टीममध्ये धनुष्य दिसणार! मग दयारामनं आपल्या भाच्याला घेतलं.

अन् जिंकले हो! बक्षिसाची ढाल टीव्हीजवळ ठेवली, जेवायला बसले, अन् ताट बाजूला सारलं. “हरलो असतो तर बरं झालं असतं,” म्हणे. “मी त्या बाईला काढलं, भानुमती. अन् काढण्याचीही हिंमत नाही झाली, तिलाच निघायला लावलं.”

मी काही समजूत घातली नाही. म्हटलं, “हो, लावलं. आता माझ्यासमोर रडून काय फायदा? चला, तिच्यासमोर बोला.”

ग्वारीघाट रोडला तिची खोली. निघण्याआधी ह्यांनी तो व्हिडिओ काढून टाकला, अन् दोघं स्कूटरवर गेलो. दार उघडंच होतं. पलंगावर बसून ती खेळत होती. “जयभीम वहिनी, या, या!” म्हणत उठली. आखडलेली दोन बोटं तिनं चिकटपट्टीनं एकत्र बांधून घेतली होती, अन् अंगठा टम्म सुजला होता.

“हे काय करून राहिल्या ताई?” हे दारातूनच म्हणाले.

“शिकून राहिली न भैया, भरभरवाली बंदूक. रोजच्या खणातली.” अन् हसली. “मरते अजून, पण पहिल्यापेक्षा उशिरा मरते.”

ह्यांनी हात जोडले. “ताई, चुकलं माझं. धनुष्य भंगार नाही. टाळ्यांसाठी बोलून गेलो मी. तो व्हिडिओ काढून टाकला. आता तुम्ही धनुष्य घेऊनच टीममध्ये या.”

“अरे बाप्पा, काहून काढला? चांगला चालून राहिला होता! मी कॅन्टीनमध्ये साऱ्यांना दाखवला, हे आमचे भैया म्हणून.” मग हातातल्या फोनकडे पाहत म्हणाली, “अन् धनुष्य आता नको. तुम्हीच शिकवलं होतं, तुम्हीच भंगार म्हटलं, तर असंल न भंगार. मले काय समजते त्यातलं?”

ती चहा ठेवायला गेली. सुजलेल्या हातानं माचिस ओढायला लागली, पण काडी पेटेना. ह्यांनी उठून तिच्या हातातून माचिस घेतली, गॅस पेटवला, अन् तिथंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चहा उतू गेला, मीच धावत जाऊन गॅस बंद केला.