कान्हेरीतली एकट्याची खोली

पावसाची झड लागली की सारं बोरिवली भजी तळायला बसे आणि नंदकिशोर कर्णिकांच्या घरात छत्र्यांची शोधाशोध सुरू होई. या गृहस्थाचं खूळच तसं होतं. कचेरीला सुट्टी आणि बाहेर मुसळधार पाऊस असा योग जुळला की बायको-मुलीसह निघालेच. कधी वसईचा किल्ला, कधी राणीच्या बागेजवळचं म्युझियम. उन्हात काय, कोणीही बघेल, असं त्यांचं म्हणणं.

या स्वाऱ्यांत रत्नप्रभा कधी नसे. ती थोरल्या भावाची विधवा, आणि घर राखायला कोणीतरी हवंच की! तिला नावाने हाक मारणारं माणूस त्या घरात उरलं नव्हतं. दीर-जावेची ती वहिनी, पुतणीची काकू. नवरा गेला तशी त्यांची खोलीही गेली. आता रात्री ओटा पुसून झाला की स्वयंपाकघरात वळकटी पसरायची आणि दूधवाला यायच्या आत गुंडाळायची. कोणी तिचा छळ करत नव्हतं, खोटं कशाला बोला? पण पाठ टेकायला आपली म्हणावी अशी हातभर जागा नव्हती, आणि ते दुःख सांगण्यासारखं आहे असं तिला स्वतःलाच वाटत नसे.

त्या श्रावणात मात्र तिची झोप उडाली. जाऊ पद्मजा हिला आठवा लागला होता. बाळंतपणाला तिची आई येणार, ती स्वयंपाकघरात निजणार, हे ठरलं. "आणि वहिनी?" नंदकिशोरांनी विचारलं. "त्यांचं काय, कुठेही पडतील," पद्मजा म्हणाली. दुष्टाव्याने नाही, सहज. सहज म्हटलेलंच जास्त लागतं.

पद्मजाला डोंगर झेपणार नव्हता, म्हणून कान्हेरीच्या लेण्यांना या खेपेस सात वर्षांच्या जयंतीला सांभाळायला रत्नप्रभा निघाली. ओढे ओलांडत, चिखल तुडवत तिघं वर पोचली. पहिल्या मोठ्या लेण्याशी चार पुरुष उंचीचा बुद्ध उभा होता. रत्नप्रभाने चपला काढल्या आणि हात जोडून नुसती बघत राहिली. एवढा मोठा देव, आणि रागावलेला अजिबात नाही!

पण तिचा पाय अडला तो पुढे, वरच्या अंगाच्या लेण्यांत. लहानशी ओसरी, आत एक खोली, भिंतीला दगडातच कोरलेला एक ओटा. बाहेर पाण्याचं टाकं, त्यात डोंगरावरचं पाणी कोरलेल्या पन्हाळीतून खळखळत येत होतं.

"इथे किती जण राहायचे, भाऊजी?"

"एक भिक्षू."

"एकटा? एवढ्या खोलीत?"

"एकटाच. त्यांना घरदार नसे ना. कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी खोल्या कोरवून दान देत. हा बघा शिलालेख, देणाऱ्याचं नाव. दोन हजार वर्षं होत आली, अजून पुसलं नाही!"

ज्याला घर नाही त्याला कोणी डोंगर फोडून खोली दिली होती! वर निजायची नि पाण्याची सोयही. रत्नप्रभा त्या ओट्यावर बसली, मग हळूच आडवी झाली. दगड गार होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तिला कोणी ऊठ म्हणत नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

घरी आल्यावर तिने ओलं लुगडंसुद्धा बदललं नाही.

"भाऊजी, मागची कोळशाची खोली मला द्याल?"

या घरात तिने आजवर काही मागितलं नव्हतं.

"अहो, मग कोळसा कुठे ठेवायचा?" पद्मजाने विचारलं.

"कोळसा जिन्याखाली मावेल. मी नाही मावत."

पुढच्या रविवारी पाऊस पडत असूनही नंदकिशोर कुठे गेले नाहीत. धोतर खोचून त्यांनी कोळसा उपसला. रत्नप्रभाने भिंतींना चुना दिला, कोपऱ्यात पाण्याचा माठ ठेवला. मग दाराच्या पट्टीवर कोळशाने लिहिलं: 'नंदकिशोर कर्णिक यांचे दान.'

संध्याकाळी ते वाचून नंदकिशोरांचा चेहरा उतरला. "वहिनी, हे काय?"

"देणाऱ्याचं नाव कोरतात, तुम्हीच सांगितलंत ना?"

"दान कसलं! माझ्या भावाच्या घरात तुमची जागा होतीच. माझ्या ध्यानात आलं नाही." रुमाल ओला करून त्यांनी ती अक्षरं पुसली, कोळसा उचलला आणि टाचा उंचावून सावकाश एकच शब्द लिहिला.

जयंतीने तो अक्षराला अक्षर लावून वाचला. "रत्न...प्रभा. ही कोण गं, काकू?"

काकूने हात उंचावून त्या अक्षरांखालून बोट फिरवलं.

"मी," ती म्हणाली. "मीच गं."