मौनातली काळी पोत

नसरापूरच्या फाट्यावर करवंदं विकायला आली, की त्या आंबूस वासानं मी वेल्ह्याच्या वाटेवरच्या त्या शिबिरात पुन्हा कोंडली जाते.

उन्हाळ्याची सुट्टी होती. ‘श्रद्धा आणि संस्कृती’वरची व्याख्यानं ऐकायला आईनं मला तिथं नेलं होतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये, बायकांच्या डोक्यावर पदर आणि शिबिर संपेपर्यंत सगळ्यांना मौन. झळा येतात म्हणून खिडक्याही बंद. उदाच्या धुरात जीव घुसमटत होता. पाहुणे फादर म्हणाले, “काळे मणी ख्रिस्ती बाईच्या गळ्यात कशाला?” शेजारी बसलेल्या आईनं हळूच पोत काढून बटव्यात टाकली. मला ओरडावंसं वाटलं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

दुपारी करवंदं वाढताना शिबिरात स्वयंपाकाला येणाऱ्या मार्गासनीच्या सखूबाई आईच्या गळ्याकडं बघून थबकल्या. सकाळी त्यांनी पोत पाहिली होती.

“अगं बाई, घरनं काय निरोप आला का? धनी बरं हायेत न्हवं?”

आईनं मान खाली घातली. सखूबाईंचे डोळे भरून आले. फादरांनी ओठांवर बोट ठेवलं.

“लई बरं हायेत वो,” आई खणखणीत आवाजात म्हणाली आणि भर पंगतीत पोत गळ्यात घातली.

आता आपल्याला हाकलणार, अशी मला भीती वाटली. आज वाटतं, त्या व्याख्यानाला उत्तर दिलं ते आईनंच.

संध्याकाळी ती पुन्हा पहिल्या रांगेत बसली. डोक्यावर पदर होता, आणि पोत पदराच्या वर.